पिंगळ्याच्या नावानं

परवा सकाळी नळाचं पाणी हाताला चावलं, आणि कळलं की आता आपल्याला घरात बसवणार नाही.

नागपूरची थंडी अशीच न सांगता येते. आदल्या दिवशीपर्यंत पंखा एकवर चालू असतो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गच्चीवर रजया उन्हात पडलेल्या दिसतात. भाजीवाल्याच्या ठेल्यावर हरभऱ्याची कोवळी भाजी येते. सक्करदऱ्याच्या तलावावर सकाळी पांढरं धुकं नुसतं पडून राहतं, उठायचं नावच घेत नाही. अशा दिवसांत लोकांना अंथरूण सोडवत नाही. माझ्या पायाला मात्र भिंगरी लागते. संध्याकाळचे साडेपाच वाजले की मी मान वर करून चालायला लागते. विजेचे खांब, पाण्याच्या टाक्या, झाडांच्या ढोल्या, पडक्या भिंतींचे कोपरे. कॉलनीतल्या बायकांना वाटतं, हिची मान दुखते आहे आणि कुणीतरी व्यायाम सांगितला आहे. मी तसंच समजू देते. एका पन्नाशीला आलेल्या बाईनं भर रस्त्यात उभं राहून घुबडं शोधावीत, हे समजावून सांगायला फार वेळ लागतो.

हे सगळं तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सुरू झालं.

त्या वर्षी ऑक्टोबरात आई गेली. पावणेतीन वर्षं ती अंथरुणावर होती. डावी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं अर्धं कळायचं, अर्धं आपण जुळवून घ्यायचं. घरात आम्ही दोघीच. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. मुलांचे प्रयोग मांडायचे, द्रावणं तयार ठेवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. मी कामावर गेले की आईजवळ शेवंताबाई असायच्या. त्या भिवापूरकडच्या. नवरा गेल्यावर नागपुरात आल्या आणि आजारी माणसांची सेवा करण्याचं काम त्यांनी धरलं. उंच, हाडापेराच्या, कमी बोलणाऱ्या. आईला एका हातानं सावरून दुसऱ्या हातानं चादर बदलायच्या, आणि आईच्या अंगाखालून चादर गेल्याचं आईलाही कळायचं नाही. शेवटच्या सहा महिन्यांत त्या आमच्याकडेच राहायला आल्या.

दर दोन तासांनी आईची कूस बदलावी लागे. तिच्या गादीत हवा भरणारा एक छोटा पंप होता, तो दिवसरात्र घुर्रर्र करत राहायचा. आई गेल्यावर तो पंप बंद झाला, आणि घरात इतकी शांतता झाली की मला बसवेना. टीव्ही लावायचा आणि दुसऱ्याच खोलीत जाऊन उभं राहायचं. चहा टाकायचा आणि गॅस बंद करून खाली फाटकापर्यंत जाऊन यायचं. रात्री बरोबर दर दोन तासांनी डोळे उघडायचे, हात पुढे व्हायचे, आणि मग लक्षात यायचं की कूस बदलायला कुणी नाही. नातेवाईक म्हणाले, आता तू मोकळी झालीस. मोकळं होणं म्हणजे काय असतं ते मला त्या हिवाळ्यात कळलं. दिवसाला चोवीस तास असतात हे मी विसरूनच गेले होते.

पण झोप उडायचं खरं कारण दुसरं होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आई गेली त्या सकाळी मी कॉलेजात जायला निघाले होते. आमच्या मागच्या भिंतीला लागून कडुनिंबाचं मोठं झाड आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहायची. पिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड. अंगावर पांढरे ठिपके, डोळे पिवळेजर्द, आणि आवाज भांडखोर. आदल्या संध्याकाळपासून ती जोडी ओरडत होती. मी चपला घालत असताना शेवंताबाई दारात आल्या. हात ओले होते, ते पदरालाही पुसले नव्हते. म्हणाल्या, "ताई, आज नका जाऊ कालेजात. रातभर पिंगळा बोलून राहिला."

मला उशीर होत होता. मुलांचं प्रॅक्टिकल होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या बोलण्याचा राग आला. मी म्हटलं, "शेवंताबाई, पक्षी आहे तो. त्याला काय कळतं." आणि निघून गेले.

साडेअकराच्या सुमारास आई गेली. माझा फोन पर्समध्ये होता, पर्स कपाटात होती, आणि मी मुलांना सांगत होते की रंग बदलायच्या वेळी थेंब मोजून टाका, घाई करू नका.

तेराव्यानंतर शेवंताबाई आपली पिशवी घेऊन गावी गेल्या. जाताना मी त्यांना काही विचारलं नाही. पण तो पिंगळा माझ्या डोक्यात बसला तो उठेना. मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं घालवलेली बाई. पाखराच्या ओरडण्याचा आणि माणसाच्या मरणाचा काही संबंध नसतो हे मला पक्कं माहीत होतं. तरी रोज संध्याकाळी मी कडुनिंबाखाली जाऊन उभी राहायचे. त्याला माहीत होतं का? त्याला माहीत असेल तर मला का नव्हतं? आणि गंमत अशी की आई गेल्यापासून ती जोडी दिसेनाशी झाली होती. महानगरपालिकेच्या माणसांनी वायरीला लागतात म्हणून फांद्या छाटल्या, त्यात ढोलीची फांदीही गेली होती. मग मी त्यांना दुसरीकडे शोधायला लागले. तलावाच्या काठानं, शाळेच्या मागं, बंद पडलेल्या गोदामांजवळ. दिसले की त्यांच्याकडे बघत उभी राहायचे. पिंगळेही बघायचे. मान खालीवर करत, एखादा म्हातारा चष्म्यातून बघतो तसे.

आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर पक्षी बघणारे. त्यांना मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं की घुबड घराजवळ ओरडण्याचा काही अर्थ असतो का. ते हसले नाहीत, हे मला बरं वाटलं. म्हणाले, "मॅडम, पिंगळा रोजच ओरडतो. आपण जागे असलो की ऐकू येतो." त्यांनी विभागातली जुनी दुर्बीण मला वापरायला दिली, आणि शहरात पिंगळ्यापलीकडे फारसं दिसायचं नाही, बाहेर माळावर जा, हिवाळ्यात तिकडे थंड मुलखातली घुबडं पाहुणी येतात, असंही सांगितलं.

सरांचं म्हणणं पटलं. पण पटल्यानं शांत वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. मला विचारायचं होतं ते सरांना नव्हतंच.

डिसेंबरच्या एका शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली, आणि मी घरी न जाता उमरेड रोडची एसटी पकडली. कोळशाच्या ट्रकांमागून गाडी रडतखडत निघाली. उमरेड मागं पडल्यावर तुरीचा पिवळा फुलोरा लागला, मग धान कापून रिकामी झालेली खाचरं. भिवापूरला खाली उतरले आणि दोन पावलांत ठसका लागला. तिथं थंडीला मिरचीचा वास असतो. मोठमोठ्या मोकळ्या जागांवर लाल मिरचीचे ढीग पसरलेले, आणि त्यांच्या कडेनं बायका तोंडाला फडकी बांधून मिरचीचे देठ खुडत बसलेल्या. तिकडे त्या जागेला सातरा म्हणतात. तिथंच मला शेवंताबाई सापडल्या. आमच्याकडचं काम सुटल्यावर त्या भावाकडे राहून सातऱ्यावर जायला लागल्या होत्या.

त्यांनी फडकं खाली केलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी का आले ते त्यांनी विचारलं नाही. मीच दुर्बीण दाखवून म्हटलं, घुबडं बघायला आले. यावर दुसरं कुणी हसलं असतं. त्या म्हणाल्या, आमच्या वावरात येतात, चला.

त्यांच्या भावाचं, नामदेवभाऊंचं शेत गावापासून चालत वीसेक मिनिटांवर. मिरची, पलीकडे हरभरा, आणि त्यापुढं पडीक गवताळ माळ. हरभऱ्यात त्यांनी जागोजागी बांबूच्या टी आकाराच्या काठ्या रोवल्या होत्या, पाखरांना बसायला. सूर्य तुरीमागं गेला आणि गारवा एकदम जमिनीतून वर आला. मग समोरच्या काठीवर काहीतरी येऊन बसलं. पंखांचा आवाज मुळीच नाही. काठी रिकामी होती, आणि मग नव्हती. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, काळेभोर डोळे. गव्हाणी घुबड. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि आम्ही त्याच्या कामाच्या नाही असं ठरवून मान फिरवली. क्षणभरानं ते खाली झेपावलं आणि पायात उंदीर घेऊन उठलं.

मी नामदेवभाऊंना विचारलं, गावातले लोक घुबडाला अपशकुनी मानत नाहीत का. त्यांनी हरभऱ्याचा शेंडा खुडून तोंडात टाकला. "मानतात ना. पण उंदीर पाहून घ्या आमच्या वावरातले. अपशकुन कराले त्याले टाइम कुठं आहे?"

त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. पहाटे धुक्यात पुन्हा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन आले. शेवंताबाई माझ्या सोबत होत्या, आणि माझा प्रश्न माझ्या तोंडाशी होता. विचारता आला नाही. पुढच्या शनिवारी परत गेले, त्याच्या पुढच्याही. विचारायला जायचे आणि घुबडं बघून यायचे. नाल्याच्या कड्यावर शिंगं असलेलं मोठं घुबड पाहिलं, ते भर दुपारी डोळ्यांच्या फटी करून ऊन खात बसलं होतं. पिंगळे तर प्रत्येक मोठ्या झाडाला होते. शेवंताबाईंना ते माझ्या आधी दिसत. बोट दाखवायच्या नाहीत, नुसती मान वळवायच्या. आजारी माणसाच्या खोलीत शिकलेली ती सवय होती; तिथं कुणी हातवारे करत नाही. दिवसभर मिरची खुडून त्यांचे हात पेटलेले असायचे. रात्री त्या बोटांना तेल लावून तळवे वर करून बसायच्या, जसं कुणाला काही द्यायचंय आणि घेणारा आलेला नाही.

चौथ्या शनिवारी मी विचारलं. संक्रांत झाली होती. आम्ही माळाच्या कडेला उभ्या होतो, सूर्य टेकला होता. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, त्या दिवशी तुम्ही मला जाऊ नका म्हणालात, पिंगळा बोलतो आहे म्हणून. पिंगळ्याला खरंच कळलं होतं का?

त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. मग म्हणाल्या, "पिंगळ्याले काय समजते, ताई. मले समजलं होतं."

मला ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. त्या सांगत राहिल्या. दोन दिवसांपासून आई पाणी गिळत नव्हती, घोट ओठांच्या कोपऱ्यातून परत यायचा. पाय गार पडले होते. नखांचा रंग गेला होता. असे पाय त्यांनी बहुत पाहिले होते. त्या सकाळी त्यांना पक्कं ठाऊक होतं की आई दुपार पाहत नाही.

माझ्या डोक्यात काहीतरी सणकलं. "मग सरळ सांगितलं काहून नाही?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. उत्तराची वाट न बघता मी माळावर चालायला लागले. गुडघ्याएवढं वाळलं गवत, खाली ढेकळं, दुर्बीण छातीवर आपटत होती. या बाईला माहीत होतं. या बाईनं मला जाऊ दिलं. तीन महिने मी एका पाखराला जाब विचारत हिंडले, आणि माहीत असलेलं माणूस माझ्या शेजारी उभं राहून मला पाखरं दाखवत होतं.

आणि माझ्या पायाजवळचं गवत उठलं.

तसंच वाटलं, गवताचाच एक तुकडा उठला. दोन पावलांवरून एक घुबड वर गेलं, लांब पंखांचं, वाळल्या गवताच्या रंगाचं. मी किंचाळलेही नाही, श्वासच नव्हता. ते फार उंच गेलं नाही. माझ्याभोवती एक ढिला वळसा घेऊन त्यानं वळून पाहिलं. चपटा गोल चेहरा, काजळ घातल्यासारखे डोळे, त्यात पिवळं तेज. सरांनी सांगितलेला पाहुणा तो हाच, आखूड कानांचा, जमिनीवर झोपणारा, हिमालय ओलांडून आलेला. मग तो वीसेक पावलांवर पुन्हा गवतात उतरला आणि दिसेनासा झाला.

मी तिथं किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. त्या चेहऱ्यावर माझ्यासाठी काहीही नव्हतं. ना निरोप, ना दोष. तो इतक्या लांबून उंदरांसाठी आला होता, आणि मी त्याच्या झोपेत पाय घातला होता, एवढंच आमच्यात घडलं होतं. ज्याला काही सांगायचंच नाही त्याच्याकडून मी किती दिवस उत्तर मागत होते. मला थंडी वाजायला लागली. राग गेला नव्हता, पण त्याला धरून उभं राहायला जागा उरली नव्हती.

मी परत वळले. शेवंताबाई होत्या तिथंच उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून. मी जवळ गेल्यावर त्यांनी उत्तर दिलं, जणू मी आत्ताच विचारलं होतं.

"तुम्ही रोज दारातून आल्या की इचारत होत्या, आज दोन चमचे जास्त गेलं ना? मंग तुमाले मी कोणत्या तोंडानं सांगू?" त्यांनी माळाकडे मान वळवली. "म्हणून पाखराच्या नावानं सांगितलं. वाटलं, माह्यं नाही तं पाखराचं तरी ऐकसान."

हे खरं होतं. मी रोज विचारायचे. दोन चमचे जास्त गेलं ना, आज डोळे उघडले ना, आज रंग बरा आहे ना. प्रश्नातच उत्तर घालून द्यायचे आणि बिचारी बाई मान हलवायची. खरं बोलायला मी त्या घरात जागाच ठेवली नव्हती. दारात ओले हात घेऊन त्या आल्या, ती त्यांनी काढलेली शेवटची वाट होती. आणि मी म्हटलं होतं, पक्षी आहे तो.

अंधार पडायला लागला होता. आम्ही धुऱ्यावर बसलो. मग मी ते विचारलं जे विचारायची मला सगळ्यात जास्त भीती होती. आई शेवटी काही बोलली का. माझ्याबद्दल विचारलं का.

विचारलं, शेवंताबाई म्हणाल्या. तुम्ही गेल्यावर थोड्या वेळानं विचारलं, गेली का ती. मी म्हटलं, गेली. मग आईच म्हणाल्या, डबा नेला का. मी म्हटलं, नेला. मग त्यांनी डोळे मिटले, आणि पुन्हा काही बोलल्या नाहीत.

मी डबा नेला नव्हता. त्या दिवशी तणतणत निघाले तेव्हा तो ओट्यावरच राहिला होता. शेवंताबाईंनाही ते माहीत होतं, डबा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग मला रडू आलं. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. शेवंताबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, त्यांच्या बोटांना मिरची होती. त्या नुसत्या खांद्याला खांदा लावून बसून राहिल्या.

त्यानंतर मला शांत झोप लागायला लागली, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. दोन तासांची जाग अजूनही येते, विशेषतः या दिवसांत. पाय अजूनही घरात ठरत नाहीत. फरक इतकाच, की कुठं पिंगळा ओरडला तर मी आता खिडकीशी जाते ती त्याला बघायला. हिवाळ्यातून तीनचारदा तरी भिवापूरला जाते. आखूड कानाचा पाहुणा मागच्या वर्षी दिसला नाही. माळाच्या अर्ध्या भागावर नांगर फिरला आहे. यंदा येईल की नाही, येऊन कुठं उतरेल, या विचारानंही माझी झोप जाते. घोर लागायला माणसाला काहीतरी लागतंच.

शेवंताबाई दोन वर्षांपूर्वी नागपुरात परतल्या. गेले काही महिने इतवारीत एका भांड्यांच्या दुकानदाराच्या वडिलांकडे होत्या. नव्वदीचे म्हातारे, खाली दुकान आणि वर घर. गेल्या गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागं माणसांचे आवाज येत होते, पण त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, खालच्या पट्टीतला. म्हातारे गेले, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सकाळीच सांगून टाकलं होतं, ताई. मुलाले सरळ सांगितलं. म्हणलं, भाऊ, आज दुकान नका उघडू, बाबूजीचा भरोसा नाही."

मी खिडकीशी उभी होते. विचारलं, मग तो काय म्हणाला?

"रागानं पाह्यलं माह्याकडं. मंग चप्पल काढली, अन् बाबूजीजवळ जाऊन बसला. दिवसभर बसला होता, ताई, हात धरून."